गुडघ्याखालचे नऊ सेंटिमीटर

मानवाने उंचीवर अखेरचा विजय मिळवला आहे, अशी घोषणा पुण्यातल्या एका दवाखान्याने मोठ्या दिमाखात केली. त्या विजयाचा चालताबोलता पुरावा असलेला हेरंब कळंबटे शिमग्याला कोकणात आपल्या गावी, वेळकोंडला आला आणि पहिल्याच दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. आईने टेंगळावर हळद दाबली. चौकट पन्नास वर्षं तिथंच आहे, एवढंच ती म्हणाली.

हेरंब मूळचा पाच फूट तीन इंच. कंपनीच्या प्रत्येक फोटोत त्याला पुढच्या रांगेत उकिडवं बसवत. एका वर्षी कुणी सांगायच्या आतच तो आपण होऊन पुढे जाऊन बसला, आणि त्याच संध्याकाळी त्याने दवाखान्यात नाव नोंदवलं.

पूर्वी हे काम म्हणजे छळ होता. पायाबाहेर लोखंडी पिंजरा बसवत आणि माणूस महिनोन्‌महिने त्यात अडकून पडे. आता नडगीच्या हाडाला केसाएवढा छेद देतात, आत वाढसळई सरकवतात आणि फटीत हाडाचं विरजण सोडतात. सळई रोज दोन मिलिमीटर उघडते, विरजण लागतं, सकाळी फट नव्या हाडाने भरलेली असते. पंचेचाळीस दिवसांत नऊ सेंटिमीटर. काम संपलं की सळई आतल्या आत विरघळून जाते. दही लागतं तसंच, असं हेरंबने आईला फोनवर समजावलं होतं. आंबट झालं तर काय करतात, असं तिने विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर दवाखान्याच्या पुस्तिकेत नव्हतं.

वाढ फक्त नडगीत झाली होती. मांड्या, धड, हात सगळं जुनंच राहिलं. त्यामुळे पँटीचा गुडघा आणि पायाचा गुडघा यांची गाठ पडत नसे. खुर्चीत बसला की गुडघे टेबलाच्या वर डोकावत. चालताना हात आखूड वाटत, जणू धाकट्या चुलतभावाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेत. पंगतीत मांडी घालून बसला की शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा बरोबर लागे, उठला की शेजाऱ्याला मान वर करावी लागे. बायकांनी त्याचं नाव ढोक ठेवलं. शेतात उभा असतो तो पक्षी, लांब नडग्यांचा. हेरंबला त्याचं काही वाटलं नाही. ढोकाला कुणी पुढच्या रांगेत बसवत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. वेळकोंडच्या जाखमातेची पालखी शिमग्यात होळीच्या माडाभोवती पाच फेरे नाचते, आणि ती नाचवणारे दोनच. पुढची दांडी कळंबट्यांची, मागची शितपांची. जोडी सारख्या उंचीची हवी, कारण उंची कमीजास्त झाली की देवी कलते, आणि देवी कलली की गावाचं वर्षही कलतं. पायात वहाणही चालत नाही. हेरंबचे वडील अनंतराव सव्वीस वर्षं नाचले होते, आणि पाच वर्षांपूर्वी दांडी हेरंबच्या खांद्यावर आली होती. कळंबट्यांच्या खालच्या, म्हणजे हेरंबच्या, घराला जमलं नाही तर हा मान वरच्या घराकडे जातो, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. वरचं घर तीन पिढ्या वाट बघत होतं, अत्यंत आदराने.

अनंतराव मुलाशी बोलत नव्हते. चहा पुढे सरकवत, पेपर पुढे सरकवत, शब्द सरकवत नव्हते.

फेऱ्यांच्या आदल्या दिवशी सकाळी देवळापुढच्या मैदानात चाचणी ठेवली. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, अजून पालखीत चढली नव्हती, म्हणून गादीवर एक नारळ ठेवला. हेरंब पुढे, भावेश शितप मागे. दोघं पहिलीपासूनचे मित्र, एका बाकावरचे, एका मापाचे. म्हणजे, होते. दांडी खांद्यावर चढली आणि नारळ गडगडत मागे जाऊन भावेशच्या छातीवर आदळला.

मग उपाय सुरू झाले. हेरंबने गुडघे वाकवून पाहिलं, तर पालखीऐवजी तोच डुलू लागला. भावेशच्या खांद्यावर घोंगडीची उंच चुंबळ ठेवली, ती दुसऱ्या गिरकीला उडाली. एकाने सुचवलं की भावेशनेही नडग्या वाढवून घ्याव्यात, पंचेचाळीस दिवसांचंच तर काम आहे. फेरे उद्या आहेत, याची त्याला आठवण करून द्यावी लागली.

मानपान बघणारे गावकर, रघुनाथ पाष्टे, पुढे झाले.

"पाय तुझे, हौस तुझी," ते म्हणाले. "पण दांडी देवीची आहे, पोरा. वरच्या घराला निरोप देतो."

 नव्या उंचीवरून हेरंबला पहिल्यांदाच सगळ्या गावाचे चेहरे एकदम दिसत होते, आणि एकही नजर वर उचललेली नव्हती. वरच्या घराच्या माणसांनी तर डोळे मिटूनच घेतले होते, बहुधा आदराने.

तेवढ्यात नारळ पुन्हा गडगडला आणि या वेळी खाली पडला. उचललेली पालखी जमिनीला टेकवायची नसते. म्हणून दोघं सवयीने दांडी खांद्यावर ठेवूनच गुडघ्यांवर बसले, आणि पुजाऱ्याने नारळ उचलून परत गादीवर ठेवला.

नारळ तिथंच राहिला.

"थांबा," अनंतराव म्हणाले. "उठू नका कुणी."

ते पालखीभोवती एक फेरी मारून आले. वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग हेरंबच्या मागे पसरलेल्या लांबलचक नडग्यांकडे त्यांनी काठी रोखली.

"वाढ कुठं झालीय? खाली. ती आता जमिनीवर आडवी पडलीय. गुडघ्याच्या वरचा सगळा कळंबटेच आहे."

पाष्ट्यांनी स्वतः वाकून खात्री केली. गुडघ्यांवर नाचायची गुडघी ही पालखीच्या नाचातली जुनीच चाल, पण चार पावलांपुरती. पाच फेरे गुडघ्यांवर आजवर कुणी घातले नव्हते. "अनंता, चार पावलांत तू धापा टाकायचास," ते म्हणाले.

"मी टाकायचो," अनंतराव म्हणाले. "हा टाकणार नाही."

दीड महिन्यात मुलाबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. हेरंबने दांडी खांद्यावर नीट बसवली. भावेशला मात्र कुणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ढोल वाजले. देवीची रूपं चढली, अबीर उडाला, जोडी गुडघ्यांवर उतरली. पहिला फेरा लोकांनी कौतुकाने पाहिला, दुसरा शंकेने. हेरंबच्या नडग्या मागे शेपटीसारख्या फिरत होत्या आणि एका गिरकीत त्यांनी ताशेवाल्याला आडवा केला. तो पडल्या पडल्या वाजवत राहिला. तिसऱ्या फेऱ्याला मुरूम गुडघ्यांत रुतू लागला. चौथ्याला नवं हाड ठणकायला लागलं. पंचेचाळीस दिवसांत तयार झालेल्या त्या हाडाला शिमगा म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. हेरंबने दात आवळून धरले. मागून भावेशचा श्वास त्याला ऐकू येत होता, आणि दोघांचे श्वास एकाच मापाने पडत होते. पाचव्या फेऱ्याला ढोलवाल्यांनी लय वाढवली. पालखी वळली, झुलली, उसळली, पण एका बोटानेही कलली नाही. पलीकडच्या गावातून खोड काढायला आलेली माणसं खोड काढायची विसरून टाळ्या वाजवू लागली.

अनंतराव भेटेल त्याला सांगत सुटले होते. वरच्या घराच्या थोरल्यांनाही त्यांनी थांबवून सांगितलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काय ते दवाखान्याचं, त्यावरचं सगळं घरचं आहे. थोरल्यांनी आदराने ऐकून घेतलं. दुसरा इलाज नव्हता.

पाष्ट्यांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. वेळकोंडची पालखी यापुढे चंद्रसूर्य असेतोवर गुडघ्यांवरच नाचेल, असा नाच सात तालुक्यांत होणार नाही, आणि पुढची दांडी कळंबट्यांच्या खालच्या घराचीच राहील, असं त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. साऱ्या गावाने होकार भरला. हेरंब उठून उभा राहिला, नऊच्या नऊ सेंटिमीटरसकट, आणि या वेळी सगळ्यांनी मान वर केली.

गर्दी प्रसादाकडे वळल्यावर तो विहिरीवर गेला. भावेश तिथं काठावर बसून गुडघ्यांवर पाणी ओतत होता आणि मुरमाचे खडे एकेक करून वेचत होता.

"हेरंब, त्या दवाखान्यात मांड्या पण वाढवतात ना रे?"

"वाढवतात. नडग्यांना शोभतील अशा करून देतात म्हणे."

भावेशने एक खडा काढला, निरखून पाहिला, विहिरीत टाकला.

"मांड्या वाढल्या की गुडघ्यांवरही नारळ माझ्याच छातीवर येणार. पुढच्या शिमग्यापर्यंत तेवढं थांबशील का?"