आईच्या कपाटाचा क्लेम

लिफ्टमध्ये मी मावशीशी फोनवर बोलत होते आणि साचलेलं सगळं बाहेर काढत होते. परक्या देशात आपल्या भाषेत बोलण्याचं हे एक सुख असतं. माणसं आजूबाजूला असतात, पण मध्ये भिंत असल्यासारखी. शेजारी खांद्याला पिशवी लावलेला एक जण उभा होता. त्याच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं. मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

"आज तो विम्याचा माणूस येणार आहे," मी मावशीला सांगत होते. "येईल कुणीतरी वाळलेला. ओरखडे तपासेल, मान हलवेल आणि शेवटी म्हणेल, बाई, हे आधीपासूनच असं होतं. यांना पगारच त्याचा मिळतो."

मावशी म्हणाली, तरी केस विंचर जरा. मी म्हटलं, तू फोन ठेव.

लिफ्ट थांबली. मी उतरले, तोही उतरला. मी माझ्या दाराशी थांबले, तोही थांबला. मग त्याने खिशातून ओळखपत्र काढलं आणि आमच्याच भाषेत, अगदी शांतपणे म्हणाला, "मीच तो... वाळलेला."

वाळलेला तो मुळीच नव्हता. पावसाने पुरता भिजला होता आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत होता. मी किल्ली उलटी घातली, मग सुलटी. कंपनीने मुद्दाम आपल्या भाषेचा माणूस पाठवला असावा, भांडण सोपं जावं म्हणून.

आई गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नोकरीसाठी इकडे येताना मी घरातलं सगळं वाटून टाकलं, फक्त तिचं कपाट बरोबर घेतलं. जड लाकडाचं, दाराच्या आतल्या बाजूला आरसा असलेलं. मावशीने विचारलं होतं, तिकडे कपाटं मिळत नाहीत का? मिळतात. पण या कपाटाचं दार उघडलं की आईच्या कपड्यांचा, पावडरीचा आणि हाताला लावायच्या मलमाचा मिळून एक वास यायचा. तो विकत कुठे मिळतो?

वाटेत कुठेतरी कंटेनरमध्ये पाणी शिरलं. कपाट माझ्या दारात आलं तेव्हा तळ फुगला होता, एक दार बिजागरीतून निखळून चिरलं होतं, आरशाचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता. दार उघडलं तर बुरशीचा वास.

त्यानंतर सुरू झाला पत्रव्यवहार. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच मनःपूर्वक दिलगिरी. फोटो पाठवा. दुसऱ्या बाजूने पाठवा. खरेदीचं बिल पाठवा. कपाट माझ्या जन्माच्या आधीचं. बिल मागितलं तेव्हा मी फोनवर हसत सुटले. त्यांच्याकडे म्हणे सगळे फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा ते हसणंही कुठेतरी जपून ठेवलेलं असेल.

तर विम्याचा हा भिजलेला सर्व्हेअर आत आला, गुडघ्यांवर बसला आणि बॅटरीच्या उजेडात तळ पाहू लागला. मग त्याने ओलावा मोजायचं यंत्र काढलं. त्याच्या टोकाला दोन सुया. त्या लाकडात रुतल्या तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला.

"दुखणार नाही," तो म्हणाला. मला की कपाटाला, ते कळलं नाही.

पॅकिंग करणाऱ्यांनी निघतानाच सामानाच्या यादीत कपाटापुढे 'जुने, ओरखडे आहेत' असं लिहून ठेवलं होतं. ते तसं सगळ्यांच्याच सामानापुढे लिहितात, त्याने सांगितलं, अगदी काल घेतलेल्या टेबलापुढेसुद्धा. त्यामुळे आता प्रत्येक ओरखड्याची चौकशी करणं भाग होतं. हा कधीचा, तो कधीचा. मी चिडत गेले, तो विचारत गेला.

"आणि हा, कडीजवळचा?"

"तो जुना. आई अंगठी कधी काढायची नाही. दार लावताना रोज तिथेच घासायची."

"म्हणजे वाटेतला नाही."

"नाही. तो धरू नका. तो आमचा आहे."

त्याने त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, हलकेच, आणि बॅटरी पुढे नेली.

वासाचं काय, असं मी विचारलं. त्यासाठी रकाना नाही, तो म्हणाला. तरी त्याने डोकं आत घातलं आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसाच उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आता फक्त ओल आहे."

ओलावा उतरतोय का ते पाहायला पुन्हा यावं लागेल, असं सांगून तो गेला. मग तो येत राहिला. दर वेळी कामाच्या दिवशी, आणि दर वेळी मला अर्धी रजा टाकावी लागायची. माझी साहेबीण मला विचारायची, कपाट आजारी आहे की तू?

मावशीने त्याचं नाव बॅटरीवाले ठेवलं. "काय म्हणतात बॅटरीवाले?"

"ओलावा कमी होतोय म्हणतात."

"कपाटाचा ना?"

मी फोन ठेवून द्यायचे. पण तो यायच्या दिवशी केस विंचरायचे, हे तिला सांगायची काही गरज नव्हती.

एकदा तो सुया टोचून आकडा पाहत होता आणि मी शेजारी हाताची घडी घालून उभी होते.

"तुम्ही दर वेळी भांडायच्या तयारीत असता," तो म्हणाला.

"तुम्ही दर वेळी यायच्या तयारीत असता."

आरशाच्या उरलेल्या कोपऱ्यात आमची नजर एकमेकांना सापडली. दोघांनीही घाईने लाकडाकडे पाहिलं... जणू लाकूडच काही बोललं होतं.

आणि पुढच्याच भेटीत त्याने सांगितलं, की कपाट दुरुस्त होईल. तळ नवा बसेल, दार सांधता येईल, आरसा बदलता येईल. तसंच त्याने कंपनीला लिहिलं होतं.

माझा तोल गेला. दुरुस्त होईल? आई गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण हेच सांगून गेला होता. सावरशील. काळ जाऊ दे. वर्षभर मी दुरुस्तच होत होते. विम्याच्या भाषेत 'टोटल लॉस' असा एक शब्द आहे, म्हणजे वस्तू पूर्ण गेली, आता दुरुस्ती नाही. मला तो हवा होता. कुणीतरी एकदा तो म्हणावा, एवढंच मला हवं होतं. हे काही मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या पगाराबद्दल, कंपनीबद्दल आणि एकूण माणुसकीबद्दल बोलले. मध्ये तो काहीतरी सांगू पाहत होता. मी दार उघडून धरलं.

मग मी त्याच्या वरच्यांकडे तक्रार केली. फोटो, पत्रं, पुन्हा फोटो. ते माझ्यापेक्षा लवकर दमले असावेत. एका सकाळी कळवलं की टोटल लॉस मान्य आहे, आणि मी फोनच्या पडद्यावरच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून संमती दिली. मावशीला फोन केला. जिंकले, म्हटलं. ती म्हणाली, मग आवाज असा का?

दोनच दिवसांनी ढकलगाडी घेऊन दोन धिप्पाड माणसं दारात आली. कपाट न्यायला.

त्यांनी नियम दाखवला. टोटल लॉसची भरपाई मान्य केली की वस्तू कंपनीची होते. ती दोघं कपाट तिरकं करून पट्ट्यांनी बांधू लागली. मी मध्ये उभी राहिले, पाठ घराच्या दाराला लावून, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती त्यालाच फोन लावला. काय बोलले आठवत नाही. "थांबवा" एवढं म्हटल्याचं आठवतं.

तो धावत आला. छत्री विसरला होता, चष्म्यावर थेंब होते. त्या दोघांशी तो जिन्यात बोलला, त्यांना खाली थांबायला सांगितलं आणि आत येऊन पट्ट्या सोडल्या.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगत होतो. तेव्हा तुम्ही माझ्या पगारावर आला होतात."

पैसे अजून माझ्याकडे आले नव्हते, म्हणून क्लेम मागे घेता येईल, तो म्हणाला. मग वस्तू माझीच राहील. पण भरपाई मिळणार नाही, दुरुस्तीचीसुद्धा. दुरुस्तीची हवी असेल तर सगळं पहिल्यापासून... फोटो, बिल, चौकशी. मी म्हटलं, मला आता कुणाकडून काही नको, कपाट इथे राहू दे. त्याने तिथूनच फोन केला, मी माझं म्हणणं सांगितलं, आणि पलीकडच्या बाईने मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त केली. ढकलगाडी रिकामी परत गेली.

कपाट भिंतीला टेकून तिरकं उभं होतं. आम्ही दोघांनी मिळून ते सरळ केलं. निखळलेलं दार त्याच्या हातात राहिलं.

"दुरुस्त होईल असं मी लिहिलं," तो दाराकडे पाहत म्हणाला, "ते लाकडाबद्दल. मला तेवढंच विचारलं होतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कुणी विचारलं नाही."

"मी विचारते."

त्याने दार सावकाश भिंतीशी टेकवलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"टोटल लॉस," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं होतं... तुम्ही तो अंगठीचा ओरखडा धरू नका म्हणालात तेव्हा."

मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. वर्षभरात पहिल्यांदाच, कुणी सावरायला न सांगता. तो समोर बसून राहिला. पाणी आणू का, असंही त्याने विचारलं नाही. बाहेर पाऊस ओसरला, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू केली.

मग तो म्हणाला, "क्लेम बंद झाला, तेव्हा एक सांगून टाकतो. लाकडाचा ओलावा एकदाच मोजतात."

मी डोळे पुसले. "म्हणजे?"

"म्हणजे... नंतर यायची गरज नव्हती. एकदाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"माझ्या रजा संपल्या तुमच्यापायी," मी म्हटलं. "साहेबिणीची बोलणी खाल्ली. कामाच्या दिवशीच कसे यायचात दर वेळी?"

"सुट्टीच्या दिवशी आलो असतो तर तुम्हाला कळलं असतं."

"मला कळावं असं वाटत नव्हतं?"

"वाटत होतं," तो म्हणाला. "धीर होत नव्हता. तुम्ही फार चिडता."

"मग या रविवारी या," मी चिडूनच म्हटलं. "आणि ते यंत्र घरी ठेवून या."