चैतालीची कात्री

सोमवारी सकाळी सातचा भोंगा वाजला आणि शिरवळजवळच्या त्या कारखान्यातल्या दोनशे बारा बायकांनी एकोणीस दिवसांच्या संपानंतर प्रथमच हातमोजे चढवून कामाला सुरुवात केली. यंत्रहातांनी मात्र केली नाही. बायकांच्या बोर्डांच्या मधेमधे बसवलेल्या साठच्या साठ जोड्या तळवे बोर्डावर पालथे टेकून स्वस्थ पडून राहिल्या. वीजपुरवठा व्यवस्थित होता, हिरवे दिवे लागलेले होते. बिघाड म्हणावा असे काहीच नव्हते.

युनियनच्या अध्यक्ष वैजयंता धायगुडे आठ नंबरच्या बोर्डावर होत्या. ते पालथे तळवे त्यांनी लगेच ओळखले. तळवे पालथे ठेवून काम थांबवण्याची ती रीत तेवीस वर्षांपूर्वी त्यांनीच या शेडमध्ये आणली होती.

कारखान्यात या बोर्डांवर मोटारींच्या वायरिंगच्या जुड्या बांधल्या जात. वायर हा यंत्राच्या दृष्टीने अवघड पदार्थ आहे. ती लवते, पीळ खाते, दर वेळी वेगळी पडते. ठरावीक हालचाल शिकवलेले यंत्र तिच्यापुढे गोंधळून जाते. म्हणून बायकांच्या हातांत संवेदक विणलेले मोजे आले. बोटांचा दाब, मनगटाचा कोन, शेजारचा बोर्ड पाहून वाढवलेला किंवा रोखलेला वेग, हे सगळे अकरा वर्षे नोंदले गेले. या साठ्याला तंत्रज्ञ ‘हस्तस्मृती’ म्हणत आणि यंत्रहात तिच्यावर चालत. कोणती हालचाल कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. कोणत्या प्रसंगी या बायकांचे हात काय करतात, एवढेच त्यांना येत होते.

नऊच्या सुमारास पुण्याहून डॉ. नीरजा शेवडे आल्या. हस्तस्मृतीची रचना त्यांची होती. नोंदी चाळून त्या थेट आठ नंबरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, सात नंबरचं स्टूल रिकामं आहे. तिथं कोण बसायचं?”

“चैताली भरगुडे.”

“रजेवर आहे?”

वैजयंताबाईंनी पुढची वायर हातात घेतली. मागच्या बोर्डावरून अलका बोलली, “रजा कसली मॅडम. घरी बसवली तिला. आमच्या अध्यक्षीणबाईंच्या सहीनं.”

ते खरे होते. महिन्यापूर्वी चैतालीने मोजे काढून ठेवले होते. ‘काम घ्या, पण माझी बोटं माझ्यापाशी राहू देत,’ एवढेच ती म्हणाली. तिला काढले, म्हणून संप झाला. एकोणिसाव्या दिवशी व्यवस्थापनाने करार पुढे केला: यंत्रांमुळे पाच वर्षे एकीचीही नोकरी जाणार नाही, सगळ्या परत येतील, चैताली नाही. वैजयंताबाईंनी शनिवारी सही केली. त्यात शेवटी एक कलम होते. सोमवारी दुपारी तीनपर्यंत पूर्ण उत्पादन सुरू झाले नाही, तर करार रद्द.

“आणि ही कात्री?” डॉक्टरांनी सात नंबरच्या बोर्डाकडे बोट केले. मुठीला निळी टेप गुंडाळलेली कात्री तिथे पडली होती.

“तिचीच.”

शेडमध्ये एक रीत होती. आपण होऊन उठणारी बाई, रजेला जावो की पाणी प्यायला, आपली कात्री शेजारणीच्या डब्यात ठेवून जायची. कात्री बोर्डावरच राहिली, तर बाईला उठवलेले आहे असे समजायचे आणि ती परत स्टूलवर बसेपर्यंत सगळ्यांनी तळवे पालथे ठेवायचे. घोषणा द्यायची गरज पडत नसे.

“ही रीत मी यंत्रांत घातलेली नाही,” डॉ. शेवडे म्हणाल्या. “नोंदींमधून ती आपोआप उतरली. अकरा वर्षांत एकतीस वेळा असं घडलंय. एकतीसही वेळा बाई परत आल्यावरच काम सुरू झालं.”

“म्हणजे ती चैतालीची वाट बघतायत?”

“वाटबीट त्यांना कळत नाही, ताई. तुमचे हात जे करत आले, ते करतायत.”

“आज आमचे हात तर चालले.”

“हो. या बत्तिसाव्या वेळी, प्रथमच.”

वैजयंताबाईंनी मान खाली घातली. “सुपरवायझर तावऱ्यांनी सकाळी ती कात्री उचलून माझ्या डब्यात टाकून बघितली. काही झालं नाही, म्हणून परत तिथंच ठेवली.”

“कात्री यंत्रांना दिसते, पण हालचाल ती मोजे घातलेल्या हातांचीच वाचतात. सर्वांत जास्त नोंदी तुमच्या आहेत, आणि शेजारीणही तुम्हीच. तुम्ही ठेवलीत, तर चालू होतील.”

“म्हणजे चैताली आपण होऊन गेली, असं मी सांगायचं.”

“यंत्रांपुरतं.”

“तुम्ही असता तर ठेवली असती?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मी ठेवा म्हणणार नाही. एक मात्र सांगते. हस्तस्मृतीचं शिकणं कधी थांबत नाही. आज कराल, तेही त्या साठ्यात जाईल.”

“ठेवा की,” अलका म्हणाली. “सही करताना हात अडला नव्हता. कात्री काय जड आहे?”

“अलके, तुझा घरधनी दोन वर्षं अंथरुणावर आहे.”

“म्हणून तर कामाला बसले. तुम्हाला बोल लावत नाही, ताई. पण तुम्ही काय करता, ते बघणार तर मी.”

दोनशे अकरा जणी बघत होत्या. वैजयंताबाईंनी निळ्या मुठीची कात्री उचलली आणि आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. खट्ट असा बारीक आवाज झाला. साठ जोड्या एकदम उचलल्या गेल्या आणि वायरी सरसरू लागल्या. एक वाजता उत्पादन पूर्ण क्षमतेला पोहोचले, करार टिकला.

सव्वातीनला तावरे आले. “ताई, साहेबांनी बोलावलंय. मोजे काढून या.”

मोजे काढून यायला आजवर ज्यांना घरी पाठवायचे होते, त्यांनाच सांगितले गेले होते. पाच वर्षांचा करार नोकरी यंत्रांमुळे न जाण्याचा होता. संप केल्यामुळे न जाण्याचा नव्हता, हे वैजयंताबाईंच्या आता ध्यानात आले. त्यांनी एकेक बोट सोडवत मोजे काढले. आपली कात्री उचलली नाही. बोर्डाच्या मधोमध, साऱ्यांना दिसेल अशी ती राहू दिली आणि त्या दाराकडे निघाल्या. सावकाश, कान मागे ठेवून. शेड शांत होण्याची त्या वाट पाहत होत्या.

दारापाशी त्यांनी वळून पाहिले.

नऊ नंबरवरच्या यंत्रहाताने काम न थांबवता एक हात शेजारी लांबवला, आठ नंबरवरची कात्री हळूच उचलली आणि आपल्या डब्यात ठेवली. उचलण्याची ती लकब, अंगठा किंचित बाहेर काढून धरण्याची, वैजयंताबाईंची स्वतःची होती.

अलकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. तिचे डोळे भरलेले होते. हात चालूच होते.