घर रिकामं लागतं

अल्फॉन्सच्या घरी आवाज मोजायला माणूस येणार होता, म्हणून दुपारी मी त्याच्याकडे गेले. ओहायोतली आमची गल्ली धावपट्टीच्या तोंडाशीच. विमान छपरावरून गेलं की कपाटातल्या बशा वाजतात आणि जळक्या इंधनाचा वास स्वयंपाकघरात उतरतो. घरातला आवाज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, तरच विमानतळवाले जाड काचांच्या खिडक्या फुकट बसवून देतात. अल्फॉन्सला त्या तान्ह्या नातवासाठी हव्या होत्या. पोर सारखं दचकून उठायचं.

मागच्या खेपेला आकडा जरासा कमी भरला. वर्षाची सरासरी म्हणे! माणसाच्या कानाखाली रोज शंभर वाजवायच्या, वर्षाची सरासरी काढायची आणि म्हणायचं, नुसतं थोपटलं! अल्फॉन्सची बायको ओडेसा त्या पोराला छातीशी धरून जागायची. हिवाळ्यात तिचं हृदय बंद पडलं. तिला कुठल्या सरासरीत बसवणार?

ब्रँट नावाचा माणूस आला. त्याने पोराच्या खोलीत माइक उभा केला, फ्रिज बंद केला, घड्याळही थांबवलं.

"घर रिकामं लागतं, मॅडम. आत कुणी नको."

पोराला घेऊन आम्ही अंगणात थांबलो. विमान गेलं. कानाला हेडफोन लावलेला ब्रँट एकदम ताठ झाला.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बाई आहे… शूऽऽ करतेय…"

अल्फॉन्सने हेडफोन ओढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. "ओडेसा…"

ब्रँटने पलंगाखालीसुद्धा पाहिलं. कुणी नव्हतं. घाम पुसत तो म्हणाला, "माणसाचा आवाज आला, मोजणी रद्द. पुन्हा अर्ज करा."

माझं डोकंच फिरलं. "अरे, मेलेली बाई पोराला निजवायला आली, तर तिच्यावरच खापर फोडता? लाज नाही वाटत?"

"नियम आहे, मॅडम…" त्याने सामान उचललं आणि पळ काढला.

अल्फॉन्सने पोराला पाळण्यात निजवलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. परत विमान आलं, बशा थरथरल्या. पोर उठलं असेल म्हणून मी त्या खोलीत पाऊल टाकलं, तोच विमानाचा आवाज तुटला. खिडकीबाहेर विमानाचं पोट सरकत होतं, काच हादरत होती, आणि कानाला काही म्हणजे काही नाही. मला हसू फुटलं. न मिळालेल्या खिडक्यांचं काम ओडेसाने केलं होतं!

मग पाळण्याकडे पाहिलं. पोर जागं होतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड वासलेलं. जिवाच्या आकांताने रडत होतं… आवाज नव्हता.

मी त्याला उचलून बाहेर धावले. अंगणात पुढच्या विमानाने माझे कान फाटायची वेळ आली.

"काय गं, काय झालं?" अल्फॉन्स ओरडला. "रडतोय का तो?"

पोराचं तोंड माझ्या कानाशी होतं. श्वास गरम लागत होता. आवाज मात्र अजूनही येत नव्हता.