कंदील टिकेपर्यंत

पेव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. खड्डा उघडा असतो. पेव तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोटात खोलीएवढे ऐसपैस. सांगलीजवळ हरिपुरात अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके, आणि तिच्यासोबत कोंडलेली हवाही. म्हणून पेव उघडले की आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला, तरच माणसाने उतरायचे.

रेश्माचे आजोबा अर्जुना हमाल होते. एकदा मिरजेच्या धक्क्यावर मालगाडी खोळंबली आणि मालकाला घाई झाली. कंदील विझला, तरी अर्जुनाला खाली उतरवले. तो वर आला नाही. पुढे मालकाच्या घरून गावभर झाले, की गडी पिऊन पडला.

त्याच मालकाचे नातू उदयसिंह यांनी यंदा मिरजेतल्या आपल्या नव्या प्रदर्शन-दालनासाठी जुन्या हळदपेठेची छोटी प्रतिकृती रेश्माकडून करवून घेतली: रूळ, धक्का, मालगाडीचा डबा, पेव. आगगाड्यांच्या प्रतिकृती हाच तिचा व्यवसाय, आणि डब्यातला माल खरा दिसावा यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. जखमेला बांधायचे जाळीदार कापड चहात बुडवून ती पेराएवढी पोती शिवी, त्यांत पिवळा रंगवलेला लाकडाचा भुसा भरी आणि खालच्या थरातली पोती अंगठ्याने दाबून चपटी करी. भार सोसणारे पोते फुगीर राहत नाही. खरी हळद तिने कधीच वापरली नाही. उजेडात तिचा रंग उडतो.

पेवावर तिने इवलासा कंदील टांगला. आत तांदळाएवढा विजेचा दिवा. दोरा सैल केला... दिवा तोंडाखाली गेला आणि विझला. वर ओढला, पेटला. तिने तार तपासली, दिवा बदलला. पुन्हा तेच. विजेच्या दिव्याला हवा लागत नाही, हे तिला ठाऊक होते. तरीही त्या अंगठ्याएवढ्या भोकातून उबट, कोंदट वास येत होता.

भर दुपारी डबा भरून ती जेवायला गेली. परतली तेव्हा डबा रिकामा होता आणि पोती पेवाकाठी रचलेली, चपटी खाली, फुगीर वर. दार आतून-बाहेरून तपासून तिने डबा पुन्हा भरला, पाठ वळवली... आणि पुन्हा रिकामा.

तिने वडिलांना, ज्ञानूंना, बोलावले. आपल्या बापाला ते आण्णा म्हणत. त्यांनी स्वतः दोरा सैल करून दिवा विझताना पाहिला.

“आण्णा कामाला न्हाई म्हणत न्हाईत, पोरी,” ते हळूच म्हणाले. “कंदील टिकंस्तवर... भरायचं न्हाई म्हणत्यात.”

मग रेश्माची भीती ओसरली आणि तिच्या जागी हट्ट आला. डबा रिकामाच ठेवून तिने काम संपवले.

उद्घाटनाच्या सकाळी उदयसिंहांचे कपाळ आठ्यांनी भरले. रिकामा डबा बघायला पाहुणे बोलावलेत काय, असे विचारून त्यांनी फर्मावले, की कंदील काढ, माल भर, नाहीतर हे सगळे उचलून घरी ने.

“नेते,” रेश्मा म्हणाली. “पण विझलेल्या कंदिलावर माझ्या हातून एक पोतं चढायचं नाही. तुमच्या आजोबांनी एकदा माणूस उतरवला, तेवढं पुरे.”

“हमालाची नात शोभतीस. तशीच आडमुठी.”

“व्हय. शोभतेच.”

उदयसिंहांनी बाह्या सारल्या आणि पोती स्वतःच उचलायला वाकले. हात पेवावर आला, तसा तो कोंदट वास दाटला. त्यांचा श्वास अडकला, ओठ काळवंडले... आणि कोणी हिसडा द्यावा तसा त्यांचा हात मागे फेकला गेला. ते कोलमडून खुर्चीत बसले. श्वास हळूहळू परतला. मनगटावर पाच पिवळी बोटे उमटली होती, आणि त्यांना जुन्या हळदीचा वास होता.

प्रतिकृती दालनातच राहिली, डबा रिकामा. गडी पिऊन पडला, असे त्या घरात आता कोणी म्हणत नाही.

मिरजेत मात्र सांगतात, की अर्जुनाच्या भुताने मालकाच्या नातवाला पेवात ओढू पाहिले. हे सांगणारे चुकतात. रेश्मा हाताच्या अंतरावर उभी होती. हात पेवाकडे ओढला गेला नव्हता, पेवापासून मागे सारला गेला होता. त्या हाताने उदयसिंहांना खाली जाऊ दिले नाही, इतकेच. अर्जुनाला असे कोणी धरले नव्हते.

आणि कंदील अजूनही विझतो.