सतरावं वाक्य

कान तपासायचे म्हणजे दिवसभर लोकांना तीच पंचवीस वाक्यं ऐकवायची आणि त्यांनी ती परत म्हटली की कागदावर खूण करायची. अकरा वर्षं ती हेच करत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दवाखान्यात एक जाड भिंतींची खोली होती, बाहेरचा आवाज अजिबात न येणारी. पेशंट आत हेडफोन लावून बसायचा, ती काचेच्या अलीकडे टेबलाशी. त्याचं बोलणं आतल्या माईकमधून तिच्या स्पीकरवर यायचं. दाराला आतून कडी मुद्दामच बसवली नव्हती. कोणी घाबरलं तर नुसतं ढकलून बाहेर यावं.

ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं, एवढा एकच नियम. लोक तोही मोडायचे. ‘पाणी तापलं का?’ या सोळाव्या वाक्यावर एक आजोबा दरवेळी ‘तुझं तू बघ’ म्हणायचे. त्यामुळे निवृत्त पोस्टमनकाका सतराव्या वाक्यावर भलतंच काही बोलले, तेव्हा तिने हसून फुली मारली. वाक्य होतं, ‘दार कोणी लावलं?’ काका म्हणाले, “आतून लागलंय.”

पुढच्या आठवड्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. चोवीस वाक्यं त्यांनी बरोबर म्हटली. सतराव्याला म्हणाल्या, “आतून लागलंय.” तोच संथ सूर. त्या गेल्यावर खोलीत ओल धरलेल्या भिंतीसारखा वास मागे राहिला. काकांनंतरही राहिला होता, हे तिला तेव्हा आठवलं.

तिने दोघांचे फॉर्म काढून पाहिले. आधीच्या आजारांच्या रकान्यात दोघांनीही एकच लिहिलं होतं. हॉस्पिटलमध्ये असताना हृदय थांबलं होतं, मग पुन्हा सुरू झालं. तिने फॉर्म मिटून ठेवले. तिच्या नवऱ्याचंही थांबलं होतं. चार महिन्यांपूर्वी, साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये, चार मिनिटं.

तो घरी आला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याच्या डाव्या कानाला जरा कमी ऐकू येत होतं, बाकी सगळं ठीक. फक्त एकच गोष्ट होती. तो ओला टॉवेल पलंगावर टाकत नव्हता. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातली चौदा वर्षं ती त्या टॉवेलवरून त्याच्याशी भांडली होती. आता टॉवेल रोज दोरीवर, चारी कोपरे सारखे करून. हे कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, बाई, तुला सुख दुखतंय.

कानाची मशिनं घ्यायला पोस्टमनकाका आणि शिवणाच्या बाई एकाच दुपारी आले. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. अर्धवट उघड्या दारातून तिला दिसलं, बाहेर बसलेले काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “दार कोणी लावलं?”

“आतून लागलंय,” बाई म्हणाल्या. काकांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली, बाई तिथे बसल्या. पुढे दोघं एक अक्षरही बोलले नाहीत.

मशीन लावून पुन्हा तपासायला काका आत गेले, तशा त्यांच्याबरोबर आलेल्या काकू तिच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, कानाचं राहू द्या हो. त्या दुखण्यातून उठल्यापासून हे माझ्याशी भांडत नाहीत. काही म्हणा, बरं म्हणतात. घरी पाहुणा राहायला आल्यासारखं वाटतं...”

काकू बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा तिने करू नये ते केलं. माईकचं बटण दाबून स्वतःच्या आवाजात विचारलं, “दार कोणी लावलं?”

काकांचा चेहरा उजळला. “आतून लागलंय,” ते म्हणाले आणि काचेकडे झुकले. “तुमच्याकडे आपले किती जण बसलेत?”

तिने बटणावरचं बोट उचललं. “असू दे,” ते म्हणाले. बाहेर पडताना दारात थांबले. “साहेबांना कधी आणताय तपासायला?”

नवऱ्याबद्दल तिने त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी जेवताना नवराच म्हणाला, “अगं, माझा कान बघ ना एकदा. उद्या येतो दुपारी.”

तो आला. आत जाऊन बसला, हेडफोन लावले, काचेतून हात हलवला. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. “आज दूध उशिरा आलं,” तो म्हणाला. “माझा चष्मा कुठे आहे?” मध्येच एखादा शब्द चुकत होता, डाव्या कानाने दगा दिला की चुकतो तसा. दहा झाली. चौदा झाली.

“पाणी तापलं का?” तो म्हणाला.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं. तिला अचानक कळलं, की तिला उत्तर नकोच आहे. टॉवेल दोरीवर घालतो, घालू दे. भांडत नाही, नको भांडू दे. रोज समोर बसून जेवतो आहे ना, तेवढं तिला पुरे होतं. नाही विचारायचं. कधीच नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि हेडफोनची वायरही मशीनमधून उपटून टाकली. डोळे पुसले आणि त्याला बाहेर बोलवायला मान वर केली.

तो तिच्याकडेच पाहत होता. आत आता कसलाच आवाज जात नव्हता.

“दार कोणी लावलं?” तो म्हणाला. जसंच्या तसं, एकही शब्द न चुकता, कोणीतरी नीट पाठ करून घेतल्यासारखं. आणि शाबासकीची वाट पाहत हसला.

ती धावत गेली. दाराची मूठ फिरली. तिने दार ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. फटीतून ओल्या भिंतीचा वास येत होता. दार हललं नाही.