मावशीच्या श्वासावर व्हायोलिन

भर दुपार होती, पण मिक्सिंगच्या खोलीत दिवस काय नि रात्र काय, सगळा अंधारच. कामही रोजचंच. सिनेमातले संवाद, बारीकसारीक आवाज आणि पार्श्वसंगीत यांचा मेळ घालायचा. ते करणारी बाई कानाने इतकी तिखट, की सगळे तिला कानसेन म्हणत. आज मात्र तिचं डोकं फिरलं होतं.

पडद्यावर तिची सख्खी मावशी होती, आईच्या भूमिकेत. मुलगा कायमचा निघून गेलाय आणि आई रिकाम्या खुर्चीकडे बघत नुसती बसलीय. शब्द नाही, हुंदका नाही, फक्त श्वास. मावशीचा हा शेवटचा सिनेमा. शूटिंग संपलं आणि आठवड्याच्या आत ती गेली. प्रत्येक शॉटनंतर "पुन्हा घ्यायचं का?" असं विचारणारी बाई. जाताना भाचीला एवढंच म्हणाली होती, "माझ्या गप्प बसण्यावर काही वाजवू देऊ नकोस गं."

आणि आज शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाने तिथेच डझनभर व्हायोलिनं आणून ओतली होती.

"अहो, ती रडत नाही म्हणून तर पोटात तुटतं," कानसेन म्हणाली. "तुमची व्हायोलिनं तिच्या वतीने गळा काढतायत."

"लोकांना कुठे रडायचं ते सांगावं लागतं, बाई. आणि तो श्वास काप. मध्ये येतोय."

श्वास काप म्हणे. जन्मभर घासून कमावलेलं काम, आणि हा त्यावर भाड्याचं रडणं चढवणार. दातओठ खात तिने श्वास कापला. त्या जागी पोकळी राहू नये म्हणून नुसत्या खोलीची शांतता जोडली. शूटिंगच्या दिवशी ती रेकॉर्ड करायची राहून गेली होती. मावशी गेल्यावर शूटिंगच्या त्याच रिकाम्या खोलीत जाऊन कानसेननेच ती टिपून आणली होती.

सीन सुरू झाला. व्हायोलिनं चढली. आणि त्यांच्या खालून... श्वास.

"कापला नाहीस?"

"कापलाय. हा... रिकाम्या खोलीतला आहे."

त्याने चिडून व्हायोलिनं वाढवली. श्वासही वाढला, धाप लागल्यासारखा, अगदी कानाशी. मावशीच्या पावडरीचा वास दाटून आला. दिग्दर्शकाने बटणावरचा हात झटकन मागे घेतला.

"संगीत... काढून टाक. सगळं."

तिने काढलं. श्वास संथ झाला. सीन शांततेत पार पडला आणि दिग्दर्शक मागे न बघता निघून गेला.

कानसेनने डोळे पुसले. राग अजून होताच. माणूस मेल्याशिवाय त्याचं ऐकायचं नाही, अशी रीतच आहे मेल्यांची. तिने मशीन बंद केलं, मग स्पीकर.

मागच्या रिकाम्या खुर्चीतून हळूच आवाज आला, "पुन्हा घ्यायचं का...?"