जयसिंगला सोडवायला आलेला माणूस

उद्या पहाटे परत पळायला जायचंय ना? मग बसा घटकाभर, दम तरी खाली बसू दे. पोलीस भरती होणार म्हणता, व्हा बाबांनो. मी नको म्हटल्यानं तुम्ही थोडेच थांबणार आहात. पण अंगावर वर्दी चढवायच्या आधी जयसिंगचं काय झालं ते ऐकून ठेवा. ही सांगोवांगीची गोष्ट नाही. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, त्याआधी हा पोरगा माझ्याच हाताखाली होता. आणि पुढचं सगळं मला त्याच्या बायकोनं, शितलनं, माझ्यासमोर बसून सांगितलंय.

ठाण्याचं नाव घेत नाही. शिरूरकडचं एक ठाणं, एवढंच धरून चाला. साल दोन हजार चोवीस. विधानसभेची मतमोजणी होऊन आठवडा झाला होता. तारीख तीस नोव्हेंबर, वार शनिवार, आणि त्याच दिवशी कार्तिकातली अमावास्या लागलेली.

जयसिंग दुपारी मोटारसायकलवरून दौंडला निघाला होता. त्याची आई, तुळजाबाई, तिथं एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि म्हातारीचा एकच धोशा, जया आला का, जया आला का. गणपतीपासून पोराला धड सुट्टी नव्हती. गणपती झाले, नवरात्र झालं, मग प्रचारसभा, मग मतदान, मग मशीनची राखण. आठवड्याची सुट्टी कागदावर मिळायची आणि फोनवर रद्द व्हायची. रजा मागितली की 'बघू' म्हणायचे. त्या दिवशी साहेबांनी कसंबसं जा म्हटलं, तर हा भरलं ताट सोडून उठला. साहेबांचं मन बदलायच्या आत हद्दीबाहेर पडावं म्हणून.

न्हावऱ्याच्या पुढं गेला असेल-नसेल, फोन वाजला.

"जयसिंग, इनामगावच्या खाली घोड नदीच्या वाळूत एक बॉडी सापडली हाय. तू त्याच अंगाला हायेस. दोन तास उभा ऱ्हा, तवर दुसरा माणूस पाठवतो."

"साहेब, आई लई सिरीयस हाय..."

"आरं दोनच तास. मग जा की."

गेला. न जाऊन सांगतो कुणाला? घातपाताचा संशय होता, त्यामुळं पुण्याहून तपासणीवाले सकाळी येईपर्यंत प्रेत हलवायचं नव्हतं. आणि असं प्रेत एकटं सोडता येत नाही. कुत्री असतात, कोल्ही असतात. एक शिपाई रात्रभर शेजारी बसवतात. खात्यात हे काम कुणाला चुकलेलं नाही, मलाही नाही. हल्ली त्यात आणखी एक भर पडलीय. शिपाई खरंच जागेवर आहे हे साहेबाला दिसावं म्हणून फोनचं लोकेशन चालू ठेवायचं. म्हणजे मेलेल्यावर तुम्ही लक्ष ठेवायचं आणि तुमच्यावर फोननं.

पोलीस पाटलानं एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. प्रेतावर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. गावची माणसं दिवेलागणीला घरी गेली. जयसिंग एकटा उरला.

दोन तासांचे चार झाले. त्यानं ठाण्यात फोन केला. "माणूसच न्हाई रे, उद्याच्या बंदोबस्ताला गेल्यात सगळे," एवढंच उत्तर. मग शितलचा फोन आला. बाई रडत होती.

"निघा आता. आत्याबाई डोळं फिरवायला लागल्यात. तुमचंच नाव घेत्यात."

त्यानं परत साहेबांना फोन लावला. पलीकडून सरळ सांगितलं, जागा सोडलीस तर सस्पेंड करीन. जयसिंग खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. दोन दिवस त्याचा डावा खांदा भरून आला होता. जागरणानं असेल म्हणून नुसता बाम चोळत होता. आता ती कळ हातात उतरली होती, पण आईपुढं त्याला हाताचं काही वाटेना. दौंड तिथून पाऊण तासावर. मोटारसायकल समोर उभी. आणि उठता येत नव्हतं.

मध्यरात्र झाली.

रातकिडे थांबले. कुठं कुत्रं नाही, मोटार नाही. उसाचं पानही हलेना.

मग वाळूत बुटांचा आवाज आला. नदीच्या अंगानं.

जयसिंगनं बॅटरी मारली. उजेड गुडघ्यापर्यंतच पोचला. खाकी पँट. जुने कातडी बूट. माणूस पाण्यातून आला होता... आणि बूट कोरडे होते.

"कोन हाय?"

"तुला सोडवायला आलोय."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा. दमलेला.

"ठाण्यातनं पाठवलं का? नाव काय तुमचं, हवालदार? बक्कल नंबर?"

"आई वाट बघती तुझी. जा."

आपल्यात रीत आहे, पोरांनो. बदली आलेल्या माणसाचा बक्कल नंबर घ्यायचा, ठाण्यात कळवायचं, मग जागा सोडायची. जयसिंगनं नंबर विचारला. उत्तर आलं नाही. आईचं या माणसाला कुणी सांगितलं, हेही त्याच्या मनात आलं नाही. तो उठला. चूक म्हणाल तर ही. पण आई जात असताना कोण नंबर विचारत बसतो?

"फोन हितंच ठेव," म्हातारा म्हणाला. "न्हाईतर साहेबाला कळंल."

ही युक्ती खात्यातल्या माणसालाच ठाऊक. तेवढ्यानं जयसिंगची खात्री पटली. त्यानं फोन खुर्चीत ठेवला.

"आन् तुम्हाला कोन सोडवायला येनार?"

म्हातारा ताडपत्रीकडं वळला.

"मला... कुणी आलंच न्हाई."

जयसिंगनं गाडीला किक मारली. चढावर एकदा मागं वळून बघितलं. खुर्चीत माणूस बसला होता. मान खाली. अंगात निळं जर्किन.

जर्किन तर जयसिंगच्या अंगात होतं.

त्यानं परत मागं बघितलं नाही.

दवाखान्यात पोचला तेव्हा तुळजाबाईंनी डोळे उघडले. "जया... आलास व्हय," म्हणाल्या. त्यानं आईचा हात हातात घेतला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. शितलला नदीवरचं सगळं हळू आवाजात सांगितलं, म्हातारा, कोरडे बूट, निळं जर्किन. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला, तर अंग गार. थंडीतून आलेत, तिला वाटलं. शितल मला म्हणाली, "आबा, लग्न झाल्यापासनं यांना इतकं निवांत बसल्यालं मी कवाच बघितलं नव्हतं." हे सांगताना ती रडली नाही, मीच रडलो.

उजाडायच्या आत म्हातारी गेली. जयसिंगनं आईचे डोळे मिटले. खालून चहा घेऊन येतो, म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळानं शितलचा फोन वाजला. नंबर नवऱ्याचा. नदीवरचा म्हातारा बोलत असेल, म्हणून तिनं उचलला. साहेब होते.

"वहिनी... जयसिंग..."

"ते हितंच हायेत की. आत्ताच चहाला खाली गेलेत."

पलीकडं वायरलेस खरखरला.

"साहेब?"

"वहिनी, आम्ही नदीवर आलोय. तो खुर्चीत... डॉक्टर म्हंत्यात हार्ट अटॅक... मध्यरात्रीच गेलाय."

ती जिन्यानं खाली धावली. चहावाला म्हणाला, कुणी आलंच नाही.

मोटारसायकल नदीवरच होती, लावली तशी. सीटवर दव साचलेलं. ठाण्यातून रात्री कुणालाही पाठवलेलं नव्हतं. त्या दिवशी एकाच दारातून दोन तिरड्या निघाल्या. खात्यानं सलामी दिली, साहेबांनी हार घातला, भाषणात कर्तव्यदक्ष म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या विहिरीत एक प्रेत सापडलं आणि तिथं दुसरा शिपाई बसवला. त्यानंही दोन तासच म्हणून ऐकलं होतं.

म्हातारा कोण होता म्हणतोस, सार्थक? शितलनं त्याचं वर्णन सांगितलं तेव्हाच मी ओळखलं. लई वर्षांमागं त्याच घोड नदीवर आमचा एक हवालदार असाच प्रेताच्या राखणीला बसला होता, म्हाळू म्हणून. त्याला सोडवायला माणूस पाठवायचं राहून गेलं. सकाळी त्यालाही उचलूनच आणला. आता त्याची जागा जयसिंगनं घेतली असंल, तर जयसिंगला कोण सोडवील ते मला विचारू नका.

पण एक आहे. शवविच्छेदनाच्या वेळी मी दाराशीच उभा होतो. जयसिंगची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. डॉक्टरांनी एकेक बोट सरळ केलं. आत प्लास्टिकची एक पांढरी पट्टी निघाली, दवाखान्यात पेशंटच्या मनगटाला बांधतात ना, तसली. घामानं ओली.

वर पेनानं नाव लिहिलं होतं. तुळजाबाई.